रंगाआधीचं टेबल: धुणं, घासणं, भरणं आणि पहिला प्रायमर, याच क्रमाने

टेबलाचा रंग दोन महिन्यांत सोलून निघाला की बहुतेक जण रंगाला दोष देतात. डबा बदलतात आणि पुन्हा तेच करतात: पॉलिश पेपरने थोडं घासायचं, फडक्याने झटकायचं, रंग लावायचा. रंग पुन्हा सुटतो. असे पोपडे मी अनेकदा हातात घेऊन उलटे करून पाहिले आहेत. कधी पोपड्याच्या मागच्या बाजूवर जुन्या पॉलिशची चकाकी जशीच्या तशी उमटलेली असते, तर कधी बोटाला बारीक भुकटी लागते. चकाकी दिसली तर तो भाग घासलाच गेला नव्हता. भुकटी लागली तर घासल्यावर धूळ निघाली नव्हती.

पण सगळ्यात जास्त टेबलं बिघडतात ती धुण्याआधी घासल्यामुळे. टेबलावर वर्षानुवर्षं हातांचा तेलकटपणा, मेण, फर्निचर चकचकीत करायचा फवारा असं बरंच काही बसलेलं असतं. न धुता पॉलिश पेपर फिरवला की हे सगळं कागदाच्या दाबाने नव्या ओरखड्यांत जाऊन बसतं. वरून लाकूड स्वच्छ आणि मॅट दिसतं. प्रायमर (रंगाआधी लावायचा पायाचा थर) लावला की मात्र तो जागोजागी आखडून लहान गोल खळगे पडतात. माझ्या पहिल्या टेबलावर असे खळगे पडले. मी त्यांवर तीन वेळा रंग चढवला आणि तिन्ही वेळा ते तिथेच राहिले. शेवटी सगळं खरवडून, धुऊन, नव्याने सुरुवात करावी लागली.

म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. मधेच पुढे उडी मारू नका. साध्या टेबलाला सुट्टीचे तीन दिवस धरा. त्यातला बराचसा वेळ वाळण्यात जातो आणि तो कमी करता येत नाही.

## सामान

पॉलिश पेपर (काही जण सँडपेपर म्हणतात) ८०, १२०, १८०, २२० आणि ३२० नंबरचे. हे कागद गुंडाळायला लाकडाचा किंवा कॉर्कचा सपाट ठोकळा आणि गोलाईसाठी फोमचा तुकडा. मिनरल टर्पेंटाइन, स्पिरिट, थिनर (लॅकर पातळ करायचा द्रव), भांडी धुण्याचा साधा द्रव साबण. धागे न सुटणारी जुनी सुती फडकी, वाटतात त्याच्या दुप्पट. खरवडायची पात, लाकडाची पुट्टी, पेन्सिल, टॉर्च, मऊ ब्रश लावता येणारा व्हॅक्युम क्लीनर, मास्क, चष्मा, रबरी हातमोजे.

मास्कबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तोच सगळ्यात आधी वगळला जातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. एन-९५ किंवा त्याच दर्जाचा, नाकावर नीट बसणारा मास्क लागतो. आणि हा मास्क धुळीपुरताच. थिनर किंवा टर्पेंटाइनच्या वाफा तो अडवत नाही, त्यासाठी खिडक्या-दारं उघडी हवीत.

## टप्पा १: टेबल कशाचं आहे, अंगावर काय आहे

सगळी टेबलं सारखी घासत नाहीत. आधी टॉपची कड आणि खालची बाजू बघा.

भरीव लाकूड असेल तर वरच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसतात आणि टोकाला वर्षवलयांचे तुकडे दिसतात. व्हिनियर (दुसऱ्या फळीवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) असेल तर वरचा थर कडेला वेगळा ओळखू येतो, किंवा कडेवर पातळ पट्टी चिकटवलेली असते. हा थर बऱ्याचदा जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. ८० नंबरचा कागद किंवा मशीन लावलंत तर काही मिनिटांत आरपार जाल, आणि ते परत दुरुस्त होत नाही. व्हिनियरवर १८०च्या खाली जाऊ नका आणि काम हातानेच करा. एमडीएफच्या (लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेल्या फळीच्या) कडा कापसासारख्या फुगतात, त्यांची वेगळी काळजी पुढे येते. लॅमिनेट म्हणजे मुळात प्लास्टिकचं आवरण. ते घासून लाकूड लागत नाही. त्याची फक्त चकाकी मोडायची आणि गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा खास प्रायमर वापरायचा.

आता वर काय लावलं आहे ते बघू. टेबलाखाली न दिसणारी जागा निवडा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन अर्धा मिनिट दाबून धरा. थर चिकट होऊन कापसाला लागला तर लाखेचं पॉलिश आहे. रंगवलेल्या टेबलावर असं झालं तर बहुधा पाण्यात मिसळणारा रंग आहे. काहीच झालं नाही तर तसाच बोळा थिनरचा लावा: थर विरघळला तर लॅकर (लवकर वाळणारं, बहुधा फवारून लावलेलं चकचकीत पॉलिश). सुरकुतला किंवा ढिम्म राहिला तर तेलाचं वॉर्निश, ऑइल पेंट किंवा पॉलियुरेथेन समजा.

हे कशासाठी? कारण लाख आणि लॅकर घासताना गरम होऊन कागदावर गोळे धरतात. ते घासत बसण्यापेक्षा, ज्यात ते विरघळतात त्या द्रवाने पुसून काढणं सोपं. पॉलियुरेथेन कडक असतो, तो नुसता खरबरीत केला तरी प्रायमर त्यावर चांगला धरतो.

सावध: टेबल अनेक दशकांपूर्वीचं असेल आणि त्यावर जुन्या रंगाचे थर असतील तर त्यात शिसं असू शकतं. अशा रंगाची कोरडी धूळ उडवू नका. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर अजिबातच नाही. शिसं तपासायचे किट मिळतात. शिसं सापडलं, किंवा तपासणं शक्य नसेल, तर ते काम हे माहीत असलेल्या माणसाकडे द्या.

टेबलाखाली पिठासारखा ताजा भुसा आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर किडा अजून जिवंत आहे. आधी त्याचा बंदोबस्त करा. रंगाने किडा मरत नाही.

## टप्पा २: सुटं करा, डुगडुग थांबवा

ड्रॉवर, मुठी, बिजागऱ्या, धातूच्या पट्ट्या, सगळं काढा. स्क्रू डबीत ठेवून डबीवर जागा लिहा. मुठीभोवती मास्किंग टेप लावून रंगवायचा मोह होतो, पण त्या कडेपासूनच रंग सुटायला लागतो.

टेबल डुगडुगत असेल तर आत्ताच सांधे घट्ट करा. रंगवल्यावर सांधा हलला की पहिली चीर तिथेच जाते. ढिला सांधा शक्य तेवढा उघडा, जुना वाळलेला गोंद खरवडून काढा (नवा गोंद जुन्या गोंदावर धरत नाही), मग लाकडाचा गोंद लावून क्लॅम्पने किंवा दोरीला पीळ देऊन आवळा. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि रात्रभर राहू द्या.

## टप्पा ३: धुणं

हाच टप्पा बहुतेक जण गाळतात. इथे घाई नको.

पहिल्यांदा टर्पेंटाइन. फडकं ओलं करून छोट्या भागावर फिरवा आणि थेंब वाळायच्या आत कोरड्या फडक्याने उचला. मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळतं, पण तसंच वाळू दिलं तर तिथेच परत बसतं. एकच फडकं सगळ्या टेबलावर फिरवलंत तर मेण इकडून तिकडे पसरेल. फडक्याची बाजू सतत बदला. पिवळट-तपकिरी रंग फडक्याला लागायचा थांबेपर्यंत चालू ठेवा. कडांच्या खालच्या बाजूला, जिथे खुर्ची ओढताना आणि बसताना बोटं लागतात, तिथे सगळ्यात जास्त तेलकट थर असतो.

दुसऱ्यांदा साबणाचं कोमट पाणी. फडकं घट्ट पिळून घ्या. टेबल भिजवायचं नाही, पुसायचं आहे. व्हिनियर आणि एमडीएफवर पाणी साचू दिलं तर फुगवटा येतो. तिसऱ्यांदा नुसतं स्वच्छ पाणी, दोनदा. साबणाचा अंश राहिला तर तोही रंग धरू देत नाही.

मग वाळू द्या. २४ तास, सावलीत, हवेशीर जागी. कडक उन्हात ठेवलंत तर टॉप एका बाजूने लवकर वाळून वाकतो.

सावध: टर्पेंटाइनची फडकी गोळा करून बोळा ठेवू नका. टेबलावर जवसाचं तेल लावलेलं असेल तर ही सूचना जास्तच गंभीर आहे. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनबरोबर वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी बाहेर एकेरी पसरून पूर्ण वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

तपासणी: टॉपवर चार-पाच ठिकाणी पाण्याचा थेंब टाका. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर मेण किंवा चकचकीत करायच्या फवाऱ्यातलं सिलिकॉन शिल्लक असू शकतं, पुन्हा टर्पेंटाइनपासून सुरू करा. पसरून सपाट झाला तर पुढे चला.

## टप्पा ४: सगळं काढायचं की नुसतं खरबरीत करायचं

माझ्या मते सगळ्यात जास्त वाया जाणारे कष्ट इथले आहेत. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो लाकडापर्यंत घासून काढायची काहीच गरज नाही. तोच नव्या रंगाचा उत्तम पाया असतो. तुम्हाला फक्त त्याची चकाकी मोडायची आहे.

घट्ट आहे का हे कसं ओळखायचं? धारदार ब्लेडने जुन्या रंगावर दोन-दोन मिलिमीटर अंतराने पाच-सहा उभ्या आणि तितक्याच आडव्या रेघा मारा, लाकडापर्यंत. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून एका झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर रंग मजबूत आहे. दोन-चार चौकोन पट्टीबरोबर आले तर त्या भागाचा थर काढा. सगळीकडेच आले तर टेबल उघडं करावं लागेल.

पोपडे आलेला भाग पातीने खरवडा. पात चपटी धरा, टोक लाकडात रुतू देऊ नका. पोपडा निघालेल्या जागेभोवती जुन्या रंगाची पायरी राहते. ती पायरी रंग झाकत नाही, उलट चकचकीत रंगाखाली नकाशासारखी उठून दिसते. म्हणून तिचा काठ आजूबाजूला दोन-तीन बोटं घासून उतरता करायचा. डोळे मिटून बोट फिरवा: काठ लागला नाही म्हणजे झालं.

संपूर्ण थर काढायला केमिकल स्ट्रिपर वापरणार असाल तर शेवटी त्याच्या डब्यावर सांगितलेल्या द्रवाने टेबल नीट पुसून काढा. स्ट्रिपरचा अंश सांध्यात राहिला की नवा रंग तिथे महिनोन् महिने मऊ राहतो.

## टप्पा ५: पहिलं घासणं

कागदामागचा नंबर जितका लहान तितका कण मोठा. 'पी' मालिकेच्या कागदात ८० नंबरचा कण साधारण २०० मायक्रॉनचा असतो, १२०चा १२५ मायक्रॉनचा, १८०चा साधारण ८० आणि ३२०चा ४६ मायक्रॉनचा. म्हणजे ८०ने पडलेला ओरखडा ३२०च्या कणाच्या मानाने खोल दरी आहे. पुढच्या कागदाचं काम एकच: आधीच्या कागदाचे ओरखडे नाहीसे करणं. ८० वरून थेट २२०ला गेलात तर वरचे उंचवटे गुळगुळीत होतात आणि दऱ्या तशाच राहतात. हाताला ते कळत नाही, पहिल्या रंगानंतर तिरप्या उजेडात कळतं.

सुरुवात कुठून करायची ते टेबल ठरवेल. खोल ओरखडे, उखडलेला थर, खरबरीत भरीव लाकूड असेल तर ८०. साधं उघडं लाकूड असेल तर १२०. घट्ट बसलेला जुना रंग किंवा वॉर्निश असेल तर १८०. गरज नसताना ८० हातात घेऊ नका, तुम्हीच पाडलेले ओरखडे काढण्यात तास जातो.

कागद ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या खाली दाब जास्त पडतो आणि सपाट टॉपवर लांब उथळ पन्हळी तयार होतात. नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने, लांब आणि एकसारखे हात. आडवं घासलं की लाकडाचे तंतू तुटतात आणि ते ओरखडे फार हट्टी असतात. "रंगच तर लावायचा आहे, दिशेने काय फरक पडतो" असं वाटतं. गडद किंवा चकचकीत रंगात फरक पडतो.

दाब हलका ठेवा. जोर लावावासा वाटला तर समजा कागद संपला. लोक एकच तुकडा टेबलभर वापरतात. बोथट कागद लाकूड कापत नाही, नुसतं दाबून चोपडं करतो आणि चोपड्या लाकडावर प्रायमर पकडत नाही. कागद धुळीने भरला की ठोकळा हलकेच आपटा किंवा जुन्या टूथब्रशने झाडा. गोळे धरले असतील तर टाकून द्या.

मशीन वापरणार असाल तर फिरत्या गोल तळव्याचं सँडर घ्या, पण ते फक्त टॉपवर. मशीन पृष्ठभागावर टेकवून मग चालू करा, हवेत चालू करून खाली आणलंत तर पहिल्याच क्षणी अर्धचंद्र कोरला जातो. सेकंदाला इंचभर, इतक्या सावकाश सरकवा. स्वतःच्या वजनापेक्षा जास्त दाबू नका. कडेबाहेर तळवा अर्ध्याहून कमी जाऊ द्या, नाहीतर मशीन कलंडून कड खाते. शेवटचा कागद हातानेच, रेषांच्या दिशेने फिरवा, म्हणजे मशीनची वर्तुळं राहणार नाहीत.

आता काही अवघड जागा.

टॉपची टोकं, जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं, ती रंग स्पंजासारखी शोषतात. तिथे बाकीच्यापेक्षा एक नंबर बारीक कागद वापरा. टॉप १८०वर थांबवलात तर टोकं २२०वर. नाहीतर तिथे रंग कायम कोरडा आणि फिका दिसतो.

धारदार कडा मोडा. टोकदार कडेवरून ओला रंग मागे सरकतो आणि तिथे थर सगळ्यात पातळ राहतो, आणि टेबलाला धक्का बसतो तोही नेमका तिथेच. १८०चा कागद कडेवर तिरपा धरून तीन-चार हलके हात द्या. गोलाई डोळ्याला न दिसता बोटाला जाणवेल इतपतच.

गोल पायांना कागदाची लांब पट्टी कापून, बूट चमकवतात तशी दोन्ही हातांनी ओढा. हे रेषांना आडवं जातं, म्हणून १८० किंवा त्याहून बारीकच. कोरीव काम असेल तर कागदाची घडी करून घडीची कड वापरा, किंवा घासायचा स्पंज. कोरीव खाचा मशीनने कधीच नको.

तपासणी: प्रत्येक नंबर सुरू करण्याआधी पेन्सिलने टॉपभर हलक्या नागमोडी रेघा ओढा. घासल्यावर सगळ्या रेघा गेल्या म्हणजे तुम्ही कुठलाही भाग सोडला नाही. एखादी रेघ राहिली तर तिथे खळगा आहे. तो घासून खोल करू नका, भरायच्या यादीत टाका.

स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा बोळा) टाळा. त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात आणि पाण्यातला प्रायमर लावला की गंजून तपकिरी ठिपके वर येतात. टॅनिन (काही लाकडांत मुळातच असलेला तुरट पदार्थ) असलेल्या लाकडात ते काळे होतात.

## टप्पा ६: भरणं

पुट्टी पहिल्या घासण्यानंतर भरा. आधी भरली तर जुन्या रंगावर बसते आणि त्याच्याबरोबर निघते. सगळं घासून झाल्यावर भरली तर तो भाग पुन्हा जाड कणांच्या कागदाने उतरवावा लागतो.

सरसकट सगळं भरायच्या आधी खळगे आणि भोकं वेगळी करा. आघाताने दबलेल्या खळग्यात लाकडाचे तंतू तुटलेले नसतात, नुसते चेपलेले असतात. उघड्या भरीव लाकडावर अशा खळग्यात पाण्याचे दोन थेंब सोडा, दहा मिनिटांनी ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवा. वाफेने तंतू फुगून वर येतात. दोन-तीनदा केलं तर खळगा बराच भरून निघतो आणि पुट्टीपेक्षा हे टिकाऊ. व्हिनियरवर मात्र नको, खालचा गोंद सुटतो.

उरलेल्या भोकांना लाकडाची पुट्टी. भिंतीची पुट्टी वापरू नका. ती बहुधा सिमेंटची असते, भिंतीवर हालचाल नसते म्हणून टिकते. लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगतं-आकसतं, त्यामुळे ती तडकून सुटते. भोकातली धूळ काढा, पुट्टी दाबून भरा, आणि पृष्ठभागाच्या किंचित वर ठेवा कारण वाळताना ती बसते. भोक तीन मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर एकदम न भरता थर देत भरा. तुटलेला कोपरा बांधायचा असेल तर दोन भाग मिसळून लावायची पुट्टी घ्या.

एक गोष्ट भरायची नाही: टॉपच्या फळ्यांच्या टोकांना आडवी पट्टी बसवलेली असेल तर त्यांच्यामधली फट, आणि चौकटीत सैल बसवलेल्या फळीभोवतीची जागा. ती हालचालीसाठी सुताराने मुद्दाम सोडलेली असते. भरलीत तर ओलाव्याच्या दिवसांत लाकूड स्वतःच नवी चीर पाडेल.

तपासणी: नखाने पुट्टी दाबा. नख उमटलं तर वाळलेली नाही. अर्धवट वाळलेली घासली तर ती मधूनच उपटून येते.

## टप्पा ७: शेवटचं घासणं, आणि कुठे थांबायचं

उघड्या लाकडावर ८०नंतर १२०, मग १८०. रंगासाठी १८० पुरे. "जितकं गुळगुळीत तितका रंग चांगला" ही समजूत पॉलिशच्या कामातून आली आहे. ४००पर्यंत घासलेलं लाकूड आरशासारखं होतं आणि प्रायमरला धरायला काही उरत नाही. जुन्या रंगावर १८०ने चकाकी मोडली की २२०चा एक हात, बस.

पाण्यातला प्रायमर लावणार असाल तर उघड्या लाकडाला एक जास्तीची पायरी आहे. पाणी लागलं की लाकडाचे दबलेले तंतू उभे राहतात आणि प्रायमर वाळल्यावर पृष्ठभाग दाढीच्या खुंटांसारखा लागतो. म्हणून ते आधीच उभे करून घ्या: ओलसर फडकं एकदा फिरवा, पूर्ण वाळू द्या, मग २२०च्या नव्या कागदाने अगदी हलके दोन हात. इथे जोर केलात तर खालचे नवे तंतू उघडे पडतील आणि केलेलं वाया जाईल.

तपासणी: खोली अंधारी करा. टॉर्च टॉपला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि टोकाकडून बघा. वर्तुळं, आडवे ओरखडे, चकाकणारे राहिलेले ठिपके, पुट्टीचे उंचवटे, सगळं सावल्यांसकट दिसेल. पेन्सिलने खुणा करून तेवढंच दुरुस्त करा. मग तळहातावर जुना नायलॉनचा मोजा चढवून टॉपवरून फिरवा, जिथे अडकेल तिथे कुसळ आहे.

## टप्पा ८: धूळ

झटकू नका. झटकलेली धूळ हवेत जाते आणि तासाभराने ओल्या प्रायमरवर उतरते. व्हॅक्युमला मऊ ब्रश लावून वरून खाली या: टॉप, कडा, सांधे, पाय. उघड्या लाकडाच्या बारीक छिद्रांवरून ब्रश रेषांच्या दिशेने दोनदा न्या.

त्यानंतर फडकं. तेलाच्या प्रायमरआधी टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर, पाण्यातल्या प्रायमरआधी पाण्याने ओलसर. धूळ टिपायचं चिकट कापड पाण्यातल्या प्रायमरआधी वापरू नका, त्याचा अंश राहिला की पुन्हा तेच गोल खळगे. सागवानासारखं तेलकट लाकूड उघडं असेल तर हे पुसणं थिनरने करा आणि वाफ उडताच, त्याच तासात, प्रायमर लावा. उशीर झाला तर आतलं तेल पुन्हा वर येतं.

शक्य असेल तर घासायची आणि रंगवायची जागा वेगळी ठेवा. नसेल तर जमीन पुसा, पंखा बंद करा, कपडे बदला आणि तासभर थांबा.

तपासणी: काळं सुती फडकं टॉपवर ओढा. पांढरी रेघ आली तर पुन्हा व्हॅक्युम.

## टप्पा ९: गाठी आणि पहिला प्रायमर

पाइनच्या गाठींतून राळ येते. सागवान, ओक, महोगनीतून टॅनिन येतं. पांढऱ्या रंगावर महिन्याभराने पिवळे-तपकिरी डाग उमटतात ते हेच. असे डाग आले की लोक वरून रंगाचे थर वाढवतात, पण साधा रंग ते अडवत नाही. गाठींवर आणि अशा लाकडावर लाखेवर आधारित, डाग रोखणारा प्रायमर लावा. एमडीएफच्या कडांनाही तोच पातळ करून दोनदा, मधे २२०ने घासून. मग त्या फुगत नाहीत.

प्रायमर ढवळून पातळ हात द्या. जाड लावला तर वरून वाळतो, आतून ओला राहतो. टॉपच्या खालच्या बाजूलाही एक हात द्या. फक्त वरून बंद केलेली फळी खालून ओलावा घेते आणि वाटीसारखी वाकते. ही बाजू कोणाला दिसत नाही म्हणून सोडली जाते, आणि सहा महिन्यांनी टेबलावर ठेवलेला ग्लास डोलायला लागला की आठवते.

दमट, पावसाळी दिवशी थांबलेलं बरं. वाळण्याचा वेळ डब्यावर लिहिलेला असतो, तो चांगल्या हवेचा असतो. ओलाव्यात दुप्पटही लागतो.

वाळलाय का हे कागद सांगतो. ३२०चा कागद कोपऱ्यावर दोनदा फिरवा. पिठासारखी कोरडी भुकटी आली तर वाळला. कागदावर गोळे धरले तर थांबा, उद्या बघा.

प्रायमरचा पांढरा थर बसल्यावर असे ओरखडे आणि टाचणीएवढी भोकं दिसतील जी उघड्या लाकडावर कोणालाच दिसली नसती. निराश होऊ नका, प्रायमर त्यासाठीही असतो. तेवढ्यावर पुट्टी लावा, वाळवा, ३२०ने हलकं घासा. कुठे लाकूड पुन्हा उघडं पडलं तर त्या ठिपक्यावर प्रायमर द्या. नाहीतर रंगाखाली तो ठिपका मॅट राहतो. सगळ्या टॉपवर दुसरा पातळ हात, वाळल्यावर पुन्हा ३२०, व्हॅक्युम, ओलसर फडकं, टॉर्च.

टॉर्चमध्ये स्वच्छ दिसलं की डब्यावर दिलेल्या मुदतीत रंग सुरू करा. प्रायमर लावून टेबल महिनाभर तसंच पडलं असेल तर त्यावर हाताचा तेलकटपणा बसलेला असतो. रंगाआधी साबणाच्या पाण्याने पुसा, वाळवा आणि २२०चा एक हलका हात द्या.